हिलमनचं तेल आणि मंडळाचं एकमत

आलेल्या पत्राला त्याच आठवड्यात उत्तर धाडायचं, ही माझी जन्माची सवय. एकाच पत्राचं उत्तर माझ्या हातून जाता जाईना. ते गडहिंग्लजहून आलेलं, पाठपोट सहा पानांचं पत्र होतं, आणि आमच्या मंडळाच्या सभेत उभं राहून ते मीच मोठ्यानं वाचलं होतं.

"'...तरी माझ्या चोपन्न सालच्या हिलमन गाडीचं एंजिन मी सात वर्षं खपून, स्वतः पूर्ण उघडून नव्याने बांधलं आहे,'" मी वाचत होतो. "'सिलिंडर बोअर केले, पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या. आता तेल घालून सुरू करणं तेवढं राहिलं आहे. पहिलं तेल कोणतं घालावं हे जितक्या जणांना विचारलं, तितकी उत्तरं मिळाली. मला काचबिंदू आहे. दिवाळीनंतर गाडी चालवण्याचं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तेव्हा मंडळाने त्वरेने कळवावं. मंडळ सांगेल तेच तेल घालीन. आपला, दिगंबर तोडकर, निवृत्त ओव्हरसियर.'"

मला वाटलं, आता कुणीतरी त्यांच्या डोळ्यांबद्दल विचारील.

"सहा पानं!" अध्यक्ष इंगवले म्हणाले. "माणूस अभ्यासू दिसतोय. मिसळ सांगितली का रे कुणी?"

आमचं 'जुनी मोटार मंडळ' कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागे, इंगवल्यांच्या शेडमध्ये भरायचं. तिथे त्यांची ब्यूक उभी असे. 'उभी असे' हेच तिच्याबद्दल खरं. दरवर्षीच्या मिरवणुकीत शेजारच्या तालमीतले पैलवान तिला मागून ढकलत, आणि इंगवले फेटा बांधून पुढं बसून हात हलवत. लोकांना वाटे, काय आवाज नाही बघा एंजिनाला.

मी चिटणीस झालो त्याचं कारण माझं अक्षर बरं होतं आणि माझ्याकडे गाडी नव्हती. ज्याला गाडी नाही तो कुणाच्या गाडीला नावं ठेवणार नाही, असा त्यामागचा विचार. गाडी सोडा, मी सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेणारा माणूस. पण तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात उभा जन्म काढल्यामुळे एंजिनावरची पुस्तकं मी वाचली होती. ती दुसरं कुणी नेत नसे, आणि न वाचलेलं पुस्तक कपाटात बघितलं की मला त्याची दया येई. मंडळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगावं इतकं आपल्याला येतं, असं मला कधी वाटलं नाही.

मंडळाचा एक नियम होता. आधीचं मंडळ मिरवणुकीत कुणाची गाडी पुढं यावरून फुटलं होतं. म्हणून या मंडळाच्या घटनेत लिहिलं होतं की मंडळाचा सल्ला एकमतानेच जाईल, लेखी जाईल आणि टपालाने जाईल. या नियमानं मंडळ फुटायचं वाचलं. सल्ला मात्र आजवर एकच गेला होता, 'गाडी सावलीत लावावी.' त्यालाही दोन सभा लागल्या होत्या.

"यात विचार कसला करायचा?" इंगवले म्हणाले. "आमच्या थोरल्या आबांच्या गाडीत एरंडेल घालत. शर्यतीच्या गाड्यांना एरंडेलच. काय सुवास सुटायचा धुराचा!"

"एरंडेल?" डॉक्टर मगदूम दचकले. ते दातांचे डॉक्टर. त्यांची आस्टिन काचेसारखी लख्ख असे आणि पावसाचं चिन्ह दिसलं की बाहेर पडत नसे. "इंगवलेसाहेब, एरंडेल पोटासाठी. एंजिनासाठी सिंथेटिक. माझा मुलगा जर्मनीहून पाठवतो. इतकं निसरडं की बोटावर थेंब ठरत नाही."

"निसरडं काय करायचंय? घसरगुंडी हाय का ती?" हे पिराजी सुतार. त्यांची ओतशाळा होती आणि एक जीप होती. "तेल म्हंजे तेल. काळं झालं की बदलायचं. मी जीपमध्ये पंपाचं घालतो, शेतातल्या. पंप चालतोय, जीप चालतीय."

"तुमची जीप चालते ती तेलावर नाही, तुमच्या शिव्यांवर चालते," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुमची चालतच न्हाई, तिला तेल कशाला?"

मी हात वर केला. खांद्यापर्यंत गेला, तिथून कान खाजवून परत आला. मला म्हणायचं होतं की नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसाव्या लागतात. फार निसरडं तेल घातलं तर त्या कधीच बसत नाहीत आणि गाडी जन्मभर धूर ओकते. म्हणून पहिल्यांदा साधं खनिज तेल घालावं, थोडी चालवावी, मग ते काढून टाकावं. चार वाक्यं. पण हे मी पुस्तकात वाचलेलं. समोरच्यांनी निदान गाड्या पुसल्या तरी होत्या.

"चिटणीस, तुमचं काही?" इंगवल्यांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... दिवाळीपर्यंत मुदत आहे, एवढंच."

"मग काय, पुष्कळ वेळ आहे. विषय पुढच्या सभेवर. आली बघा मिसळ."

पुढच्या सभेत तेलाची उपसमिती नेमली. उपसमितीत तेच तिघे. त्यापुढच्या सभेत उपसमितीचा अहवाल आला. त्यात तीन मतं होती, पण आता त्यांना परिशिष्ट अ, ब आणि क म्हणत होते. मग डॉक्टरांनी इंगवल्यांची ब्यूक 'मूर्ती' आहे असं म्हटलं, आणि एक सभा नुसती माफी कुणी कुणाची मागायची यात गेली. गणपती आले, गेले. तोडकरांचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. सगळे 'तो गडहिंग्लजचा विषय' म्हणत.

उत्तर मी केव्हाच लिहून ठेवलं होतं. मंडळाच्या कागदावर, पाकिटात घालून, तिकीट लावून. रोज फिरायला जाताना ते कोटाच्या खिशात घालायचो, टपालपेटीपाशी थांबायचो आणि घरी घेऊन यायचो. एकमत नाही, अध्यक्षांकडचा शिक्का नाही, आणि मुळात मी कोण? माझ्या सांगण्यावरून एका माणसाची सात वर्षांची मेहनत धुरात गेली तर?

नवरात्राच्या तोंडावर एक बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. साठीच्या, काठापदराचं लुगडं नीट चोपून नेसलेल्या, हातात औषधांची पिशवी.

"चिटणीस अभ्यंकर आपणच का?"

"हो. म्हणजे सध्या मीच."

"मी अनसूया तोडकर. गडहिंग्लजहून आले. डोळ्यांत घालायचे थेंब तिकडं मिळत नाहीत." त्या आत आल्या, खुर्चीवरची पुस्तकं उचलून स्वतःच बाजूला ठेवली आणि बसल्या. "उत्तर आलं नाही आपलं."

"विषय विचाराधीन आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला पाठ होतं.

"कुठवर?"

"पुढच्या सभेपर्यंत."

"आणि पुढच्या सभेत निकाल लागेल?"

मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर प्रश्न तिथंच बसलेला.

"हे रोज फाटकाशी पोस्टमनची वाट बघतात," त्या म्हणाल्या. "पोस्टमन गेला की गाडीपाशी जाऊन हँडलानं एंजिन नुसतं फिरवून बघतात. सुरू करत नाहीत. मंडळाचं उत्तर येऊ दे म्हणतात. मागच्या आठवड्यात पोस्टमन अगदी शेजारी येऊन उभा राहिला तरी यांना दिसला नाही. मी म्हटलं, अहो, आला. तर म्हणाले, कुठाय?"

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

"लग्नात कबूल केलं होतं, गाडी घेईन आणि तुला आजऱ्याला रामतीर्थावर नेईन. गाडी घेतली ती बंद पडलेली. मग एंजिन उघडलं. आता सगळं होऊन तेलावर अडलंय. तुम्ही काहीतरी एक नाव लिहून द्या."

"पण चुकलं तर?"

"चुकलं तर एंजिन जाईल. ते पुन्हा बांधतील, हौस आहे त्यांना. डोळ्यांच्या रिंगा अशा बदलता येतात का?"

त्यांनी बाजूला ठेवलेली पुस्तकं मी सरळ रचायला लागलो.

"बरं, मंडळ राहू दे. तुम्हाला काय वाटतं?"

या प्रश्नाची मला सवय नव्हती. मी खिशातून पाकीट काढलं. कडा मळून गेल्या होत्या. "मी लिहिलेलं आहे. पण शिक्का नाही त्यावर. हे माझं एकट्याचं मत आहे, आणि तेही पुस्तकातलं."

त्यांनी तिकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेटी लांब आहे का हो इथून?"

"कोपऱ्यावरच आहे."

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "पायांत काहीतरी घाला. माझ्याबरोबर चला. मी सांगून त्यांना पटायचं नाही."

एस्टी स्टँडसमोरच्या दुकानात मी तेलाचं नाव इतक्या हळू सांगितलं की दुकानदारानं तीनदा विचारलं.

"साधं वीस-पन्नास नंबरचं," मी म्हणालो. "सिंथेटिक नको. काही मिसळलेलं नको."

"कशात घालायचंय? ट्रॅक्टर?"

"हिलमन."

"असली नवी गाडी आणि साधं तेल? काका, हे घ्या. सोनेरी डबा. एंजिन लोण्यासारखं चालतंय."

"लोणी नको," अनसूयाबाई म्हणाल्या. "हे सांगतात ते द्या."

बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता. निपाणी मागं पडेपर्यंत मी मनातल्या मनात तीन वेळा उतरलो.

तोडकर उंच, ताठ गृहस्थ. माझ्याशी बोलताना ते माझ्या जरा डावीकडे बघत होते. घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत हिलमन उभी होती, फिकट हिरवी. भिंतीवरच्या फळीवर तेलाचे तीन डबे ओळीनं मांडलेले.

"मंडळाचे चिटणीस स्वतः!" तोडकर म्हणाले. "म्हणजे निर्णय झाला?"

"मी उत्तर आणलंय," मी पाकीट पुढं केलं.

त्यांनी हात मागं घेतला. "हातोहात नको. टपालानं यायला पाहिजे. मंडळाच्या घटनेत तसं आहे. ओव्हरसियर होतो मी, नियमाबाहेर एक खडी पसरली नाही."

"अहो, माणूस दारात आलाय!" अनसूयाबाई म्हणाल्या.

"माणूस वेगळा, निर्णय वेगळा."

आता एक तर पाकीट खिशात घालून परत जायचं, नाही तर खरं सांगायचं. "तोडकरसाहेब, निर्णय झालेला नाही. होणारही नाही. मंडळाचं एकमत व्हायचं नाही, दिवाळीपर्यंत नाही आणि त्यानंतरही नाही. या पाकिटात आहे ते फक्त माझं म्हणणं. आणि मी गाडी कधी चालवलेली नाही."

त्यांनी फळीकडे हात केला. "हे डबे बघितलेत? तुमच्या अध्यक्षांनी खासगीत एरंडेल पाठवलं. डॉक्टरांनी जर्मनीचं. सुतारांनी पंपाचं, ते तर निम्मं वापरलेलं. बरोबर चिठ्ठ्या. प्रत्येकानं लिहिलंय, बाकीच्या दोघांचं ऐकू नका. मी तिघांचंही ऐकलं. कुणाचंच घातलं नाही." ते जरा हसले. "सगळ्या मंडळात एकट्या तुमची चिठ्ठी आली नाही. मी हिला म्हणायचो, त्यांच्यात एक तरी माणूस असा आहे की ज्याला खात्री नाही. त्याला काहीतरी माहीत असणार."

"हे असं म्हणतात आणि पुन्हा टपाल पाहिजे म्हणतात," अनसूयाबाई म्हणाल्या.

"बोला," तोडकर मला म्हणाले. "का साधं तेल, ते सांगा."

मी पायांकडे बघितलं. तिथं नव्या कोल्हापुरी वहाणा होत्या, अजून चावणाऱ्या. "नवी वहाण आधी करकरावी लागते," मी म्हणालो. "पायाला घासते, पाय तिला घासतो, मग दोघांचं जमतं. पहिल्याच दिवशी तेलात बुडवून मऊ केली तर कातडं सैल पडतं, ती पायाला बसतच नाही. रिंगांचंही तसंच. साधं तेल घालायचं, एंजिन सुरू केल्यावर वीस मिनिटं बंद करायचं नाही, नुसतं मंदही ठेवायचं नाही. थोडं चालवून झालं की ते तेल काढून टाकायचं. मग पुढं हवं ते घाला. फक्त एरंडेल नको."

"मलाही तसंच वाटत होतं," तोडकर म्हणाले.

"तुम्हालाही?" अनसूयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग सहा पानं कशाला लिहिलीत?"

"वाटणं वेगळं आणि—"

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. बाईंनी डब्याचं झाकण फिरवलं होतं, नरसाळं लावलं होतं आणि तेल आत पडायला लागलं होतं.

"थांबा!" मी म्हणालो. "एकदा पुस्तकात बघून—"

"बघा की. मी ओततेय तोवर बघा."

तेल मधासारखं संथ उतरत होतं. आम्ही दोघे पुरुष ते बघत होतो, लग्नात मुलीकडचे बघतात तसे. डबा रिकामा झाला. तोडकरांनी हँडल लावून एंजिन हातानं फिरवलं, तेल सगळीकडे पोचेपर्यंत, मग आत बसले. किल्ली फिरवण्यापूर्वी त्यांनी बायकोकडे बघितलं, की तिच्या जरा डावीकडे, ते मला सांगता येणार नाही.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा हिलमन सुरू झाली आणि मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की शेजारची शेळी दावं तोडून पळाली. खोलीत काही दिसेना. पाचच्या एस्टीत जागा मिळेल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"चिटणीस!" धुरातून तोडकर ओरडले. "हे असंच असतं का?"

"पुस्तकात तसं आहे!" मी ओरडलो. "सुरुवातीला!"

"आणि नंतर?"

"नंतर कमी होतो!"

"नाही झाला तर?"

त्या पुस्तकात ते नव्हतं. बाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. हळूहळू धूर पातळ झाला, निळ्याचा करडा झाला, मग भिंतीवरचे तीन डबे दिसायला लागले, मग शेजारचा माणूस आणि त्याच्या हातातलं तुटकं दावं. तोडकरांनी डोळे मिटले होते.

"रिंगा बसतायत," ते म्हणाले. "ऐकू येतंय?"

मला नुसता आवाज येत होता. "हो," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी ते म्हणाले, "बसा."

"कुठं?"

"पोस्टात. आणि तिथून पुढं आजऱ्याला."

"पोस्टात कशाला आता?" अनसूयाबाई म्हणाल्या. "तेल घातलं, गाडी सुरू झाली. उत्तराचं काय लोणचं घालायचंय?"

"मी पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर मला टपालानं आलं पाहिजे. नाहीतर पुढच्या सभेत तो विषय पुन्हा निघेल, आणि चौथा डबा येईल."

मी मागच्या सीटवर बसलो. पाकीट अलगद उघडून कागद मांडीवर घेतला. खाली मी लिहिलं होतं, 'मंडळाच्या वतीने, चिटणीस.' तेवढं खोडलं, नुसतं नाव ठेवलं आणि पाकीट पुन्हा चिकटवलं.

बाजारपेठेतून आम्ही निघालो. बाई पुढं बसल्या होत्या, ताठ, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

"डावीकडे म्हैस आहे," त्या म्हणाल्या.

"दिसतेय."

"दिसतेय तर हॉर्न वाजवा."

"म्हशीला कळतं."

"म्हशीला कळतं, तुम्हालाच कळत नाही. आता उजवीकडं हातगाडी."

"ती नाही दिसली," तोडकर शांतपणे म्हणाले आणि गाडी अलगद मध्यावर घेतली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. बाईंनी मान वळवली नाही, पण एकदा हातातल्या बांगड्या नीट केल्या.

पोस्टाच्या भिंतीला लाल पेटी होती. तोडकरांनी गाडी बाजूला घेतली, एंजिन चालूच ठेवलं. मी उतरलो. पाकीट फटीत घातलं आणि सवयीप्रमाणे हात तिथंच थांबला. साधं तेल म्हटलं ते बरोबर होतं ना? वीस-पन्नासच ना? पान कोणतं होतं?

"अहो अभ्यंकर!" मागून अनसूयाबाईंचा आवाज आला. "आजऱ्याला दिवसाउजेडी पोचायचंय!"

मी बोटं सोडली. पत्र आत पडलं असणार. पडल्याचा आवाज मला आला नाही; मागं हिलमन चालू होती.